बाटलीवरची तारीख : कुंडलिकेच्या पाण्याचा अस्सल कागद कोणता?

१/
अवचितगडावर जाणारा इतिहासप्रेमी तरुण गडावरचा शिलालेख शोधल्याशिवाय खाली उतरत नाही. शके १७१८, म्हणजे इसवी सन १७९६. अक्षरांवरची धूळ हलक्या हाताने पुसली जाते, छायाचित्र घेतले जाते आणि संवत्सराचे नाव शकाशी जुळते की नाही हे तिथेच पडताळले जाते. हे सारे योग्यच आहे. मात्र त्याच गडावरून खाली पाहिले की कुंडलिकेचे खोरे दिसते. त्यात रोहे-अष्टमी, वरसे आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीची धुराडी आहेत. त्या नदीच्या पाण्याविषयी एखादा आकडा छापून आला, तर हाच तरुण तो आकडा निमूटपणे स्वीकारतो किंवा निमूटपणे फेटाळतो. दगडाला विचारलेला प्रश्न आकड्याला विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही.

२/
वरसे हे रोह्याला लागून असलेले गाव. जनगणनेच्या दप्तरी त्याची गणना शहरात होते, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा आहे. एका बाजूला तालुक्याचे ठिकाण, दुसऱ्या बाजूला रसायनांचे कारखाने, आणि शेजारून वाहणारी कुंडलिका. अशा गावात पाण्यावरून वाद होणे अटळच. नदीला फेस आला, मासे तरंगले, विहिरीला वास आला, अशी तक्रार निघाली की नमुने घेतले जातात, अहवाल येतो आणि वाद ‘अहवालात काय आहे’ या एका वाक्यापाशी येऊन थांबतो. एक पक्ष म्हणतो, विज्ञानाने निकाल दिला. दुसरा म्हणतो, सगळे अहवाल विकतचे. हा धागा या दोन्ही पक्षांच्या विरोधात आहे.

३/
वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. बखरीतल्या रसाळ कथेपेक्षा तारीखवार अस्सल पत्र मोलाचे, ही शिस्त तेव्हापासून महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली. पत्र कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणाच्या दप्तरात सापडले, मूळ आहे की नक्कल, हे ठरल्याखेरीज त्यातल्या मजकुराला किंमत नाही. शिवजन्माच्या तिथीवरून किती वर्षे वाद चालला आणि जेधे शकावलीने त्याला कसे वळण दिले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आता प्रश्न असा, की ‘विरघळलेला प्राणवायू लिटरला ५.१ मिलिग्रॅम’ हे वाक्य बखर आहे की अस्सल पत्र? ते ठरवणारा कागद कोणता?

४/
तो कागद म्हणजे प्रयोगशाळेच्या फळीवरच्या तपकिरी बाटलीला चिकटवलेली चिठ्ठी. द्रावण कशाचे, किती तीव्रतेचे, कोणी केले, कोणत्या दिवशी केले, प्रमाणाशी शेवटचे केव्हा ताडून पाहिले. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर लेखक, तिथी, दप्तर आणि साधनचिकित्सा. आकडा म्हणजे तिच्यावरून काढलेली नक्कल.

५/
बाटलीकडे जाण्यापूर्वी नदीकडे पाहू, कारण ही नदी साधी नाही. मुळशीचे धरण मुळा नदीवर आहे. ते पाणी मुळात भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जायचे. टाटांच्या योजनेने ते सह्याद्रीतून पश्चिमेला वळवले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले आणि जनित्रे फिरवून खाली आलेले पाणी कुंडलिकेत पडू लागले. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून मावळातल्या शेतकऱ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच धरणामुळे कोकणातल्या या नदीला बारमाही पाणी मिळाले. ते डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडवले गेले, कालव्यांत गेले, कारखान्यांना मिळाले. धाटावला कारखाने का आले याचे अर्धे उत्तर मावळातल्या बुडालेल्या भातखाचरांत आहे.

याचा दुसरा अर्थ असा, की या नदीचा प्रवाह विजेच्या मागणीबरोबर वरखाली होतो. रोह्याच्या खाली तर भरतीचे खारे पाणी तिला भेटते. इथे नमुना कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी घेतला यावर बरेच काही अवलंबून आहे. म्हणजे आकडा शंकास्पद व्हायला बाटलीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. तरीही बाटलीपर्यंत जायचे आहे, कारण नमुन्याविषयी निदान थोडी चर्चा होते, बाटलीविषयी अजिबात होत नाही.

६/
नदीच्या आजारपणाचे सर्वांत प्रसिद्ध माप म्हणजे बीओडी : पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू खातात याचे मोजमाप. राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच १८९८ साली इंग्लंडात सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी एक शाही आयोग नेमला गेला. १९१२च्या आपल्या आठव्या अहवालात त्याने ही चाचणी रूढ केली : ६५ अंश फॅरनहाइट तापमान, पाच दिवस. इंग्लंडातल्या नद्यांचे पाणी उगमापासून समुद्रापर्यंत पोहोचायला पाच दिवसांहून जास्त घेत नाही, म्हणून पाच, असे सांगितले जाते. तापमानही तिथल्या उन्हाळ्याला साजेसे.

म्हणजे टेम्सच्या हवामानाची फूटपट्टी जगभरच्या नद्यांना लावली गेली. पुढे पाच दिवस आणि २० अंश सेल्सिअस हा जागतिक रिवाज झाला. भारतीय मानकाने १९९३ साली तीन दिवस आणि २७ अंश अशी रीत घालून दिली, कारण आपल्या हवेत कुजण्याचा वेग जास्त आणि २० अंशांची पेटी सांभाळणे अवघड. सांडपाण्यासाठी लिटरला ३० मिलिग्रॅम ही आपली मर्यादा या तीन दिवसांच्या रीतीत लिहिलेली आहे. दोन वेगवेगळ्या रीतींचे आकडे शेजारी ठेवून ‘नदी सुधारली’ किंवा ‘नदी बिघडली’ असे ओरडणारे लेख वाचले, की हिजरी सन आणि शालिवाहन शक यांची सरळ वजाबाकी करणाऱ्याची आठवण होते.

७/
आता खुद्द मोजणी. १८८८ साली बुडापेस्टमध्ये लायोश विंक्लर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातला प्राणवायू मोजण्याची युक्ती काढली. जगातल्या प्रयोगशाळा आजही तीच थोड्या सुधारणांसह वापरतात. ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा राहू न देता नदीच्या पाण्याने भरायची. काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइडचे द्रावण सोडायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. पांढरा धरला तर समजावे, नदी मेलेली आहे. नंतर आम्ल घातले की साका विरघळतो आणि जितका प्राणवायू तितके आयोडिन मोकळे होऊन पाणी पिवळे होते. मग ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडत ते आयोडिन संपवायचे. शेवटी स्टार्च टाकून निळा रंग आणायचा आणि तो ज्या थेंबाला नाहीसा होईल तिथे थांबायचे.

यात एक सोय आहे. २०० मिलिलिटर पाणी घेतले आणि थायोसल्फेट बरोबर ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचे असले, तर जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागले तितके मिलिग्रॅम प्राणवायू दर लिटरला. गुणाकार नाही, भागाकार नाही. ब्युरेट वाचली की उत्तर मिळाले. सगळा घोळ ‘बरोबर’ या शब्दात आहे.

८/
थायोसल्फेट हा भित्रा पदार्थ आहे. पाण्यात कर्बवायू विरघळलेला असला तर तो त्या किंचित आंबटपणाने फुटू लागतो आणि द्रावण गंधकाने धुरकट होते. गंधक खाणारे जीवाणू त्याच्यावर जगतात. उजेड त्याला मानवत नाही. म्हणून जाणता माणूस ते ताज्या उकळून थंड केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात करतो : लिटरला ६.२०५ ग्रॅम, सोबत ०.४ ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक सोडा. मग ते तपकिरी बाटलीत, सावलीत ठेवतो. एवढे करूनही तो वजनावर विश्वास ठेवत नाही. पोटॅशियम डायक्रोमेटसारख्या, भट्टीत वाळवून काटेकोर तोललेल्या, हवेने न बदलणाऱ्या पदार्थाशी त्याची तीव्रता ताडून पाहतो आणि तो अंक तारखेसह चिठ्ठीवर लिहितो. स्टार्चलाही बुरशी धरते, त्यात सॅलिसिलिक आम्ल घालावे लागते. कॉस्टिक सोडा काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवला तर बूच असे घट्ट बसते की बाटली फोडावी लागते. तो प्लॅस्टिकच्या बाटलीत, नाहीतर रबरी बुचाखाली. घरोघरी लोणच्याची बरणी भरताना ओला चमचा का चालत नाही हे जिला ठाऊक असते, तिला यातले काहीही समजावून सांगावे लागत नाही.

९/
आता बाटली जुनी झाली असे समजा. चिठ्ठीवर ०.०२५ आहे, पण आतली ताकद दहा टक्क्यांनी उतरली आहे. नदीत प्रत्यक्षात प्राणवायू ४.६ मिलिग्रॅम आहे. दुबळे थायोसल्फेट जास्त लागेल, ब्युरेट ५.१ दाखवील. स्नानयोग्य पाण्यासाठी किमान ५ ही आपल्याकडची कसोटी आहे. नापास नदी पास झाली. कोणी लाच दिली नाही, कोणी खोटे लिहिले नाही, कोणाचा हातही थरथरला नाही.

१०/
इथे ‘पाहा, प्रयोगशाळा कारखान्यांच्या बाजूच्या’ असे म्हणायला उतावीळ झालेल्यांनी जरा थांबावे. शेजारच्या फळीवर दुसरी बाटली आहे. सीओडी ही दुसरी चाचणी. ती नमुना डायक्रोमेट आणि गंधकाम्लात उकळते आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजते. याच पदार्थाला मोहरचा क्षार म्हणतात. हा तर थायोसल्फेटहून नाजूक. हवेतला प्राणवायू त्यातले फेरस लोह सतत फेरिक करत असतो. म्हणून नियम असा की वापराच्या प्रत्येक दिवशी त्याची तीव्रता नव्याने काढावी. कोणी ती काढली नाही, चिठ्ठीवर ०.१० असताना आत ०.०९ उरली, तर काय होते? नमुन्याचा खरा सीओडी २३० असला तर उत्तर येते सुमारे २५५. कायद्याची मर्यादा २५०. इथे मर्यादेत असलेला कारखाना दोषी ठरला.

खाडीजवळचे पाणी असेल तर आणखी एक भानगड. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड डायक्रोमेट खाते आणि घाण नसताना घाण दाखवते. त्याला बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट घालावे लागते. ते पुरेसे घातले नाही, तर रेवदंड्याकडे जाणाऱ्या खाडीत समुद्रच प्रदूषक ठरेल.

११/
आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी. पहिल्या बाटलीतले तेच उतरलेले थायोसल्फेट बीओडीसाठी वापरले, तर तिथे पहिल्या दिवशीचा प्राणवायू आणि तिसऱ्या दिवशीचा प्राणवायू दोन्ही सारख्याच प्रमाणात फुगतात, म्हणून त्यांची वजाबाकीही फुगते. बीओडी खऱ्याहून जास्त येतो. म्हणजे एकाच अहवालात, एकाच बाटलीच्या आधाराने, नदीत प्राणवायू चांगला आहे हेही सिद्ध होते आणि नदी घाण आहे हेही सिद्ध होते. मग दोन पक्ष आपापली ओळ अधोरेखित करून सभेला येतात. ही थट्टा नाही, साधे अंकगणित आहे. कोणाही दहावीच्या विद्यार्थ्याने करून पाहावे.

१२/
यावर एक ठरलेले उत्तर येते : द्रावणे करणे हे सहायकाचे काम, त्यात इतिहास कसला? इतिहास शोध लावणाऱ्यांचा असतो. हे उत्तर चुकीचे आहे, आणि आपल्या समाजात ते विशेष रूढ आहे. हाताने करायचे काम खालचे आणि डोक्याने करायचे वरचे, ही वाटणी आपल्याकडे प्रयोगशाळेच्या जन्माआधीपासून आहे, आणि प्रयोगशाळेत ती तशीच आत आली. एक उदाहरण पुरे. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासणारे चाफेकर बंधू प्रत्येक इतिहासप्रेमीला ठाऊक आहेत. तो डाग संगमरवराला धक्का न लावता काढून दाखवणारे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर किती जणांना ठाऊक आहेत? त्यांनी मुंबईत रसायनांची खासगी प्रयोगशाळा उभारली होती. पुतळा साफ करण्यामागच्या राजनिष्ठेबद्दल ज्याला जे म्हणायचे ते म्हणावे. पण डांबर आठवणीत राहिले आणि द्रावण विसरले गेले, हे खरे.

१३/
बाटलीचा इतिहास नसतो म्हणणाऱ्यांसाठी परळची बाटली. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. इथपर्यंतची कथा समाजमाध्यमांवर दर पंधरा दिवसांनी फिरते. पुढची कथा फिरते ती हाफकिन यांच्यावर अन्याय झाला एवढ्यापुरती. अन्याय झाला हे खरेच. पण तो कसा झाला आणि कसा दूर झाला, हे सांगताना मुख्य पात्रच गाळले जाते. ते पात्र म्हणजे ५३-एन क्रमांकाची बाटली.

१४/
३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातले मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. १९ही जणांना एकाच बाटलीतून टोचले होते, तीच ५३-एन. बाकीच्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. बाटली परळच्या प्रयोगशाळेत ४१ दिवस आधी भरलेली होती.

१५/
चौकशी बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स तिचे प्रमुख. हाफकिन यांनी लस बनवण्याची रीत बदलली होती, हे तिच्या लक्षात आले. पूर्वी लशीत अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालत. मागणी प्रचंड वाढल्यावर त्यांनी ते वगळले आणि निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली. आयोगाला इतके पुरेसे वाटले : कार्बोलिक नव्हते, म्हणून दूषण परळलाच झाले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले.

हा निष्कर्ष नीट पाहण्याजोगा आहे. रीत बदलली ही गोष्ट खरी. पण रीत बदलली म्हणून या बाटलीत दूषण झाले, ही उडी आहे. संरक्षक द्रव्य नसणे ही शक्यता होती. आयोगाने ती पुरावा मानली. आजही प्रयोगशाळेत अपघात झाला की आधी ‘कोणी नियम मोडला’ हे विचारले जाते आणि ‘या बाटलीचे नेमके काय झाले’ हे मागाहून, झालेच तर.

१६/
हाफकिन यांना वाचवले ते नोंदींनी. बाटलीला क्रमांक होता. ती कोणत्या दिवशी भरली हे ठाऊक होते. म्हणून एक साधा प्रश्न विचारता आला : धनुर्वाताचे जंतू परळलाच बाटलीत शिरले असते, तर ४१ दिवस उष्ण हवेत वाढून त्यांनी बाटलीला असह्य दुर्गंधी आणली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने तर ती नेहमीप्रमाणे हुंगून पाहिली होती आणि वास आला नव्हता. उलट मुल्कोवालला बूच काढताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हेही साक्षीत आले. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून आरोप सिद्ध झालेला नाही असे ठणकावले. हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

क्रमांक आणि तारीख नसती तर? मग ४१ दिवस हा आकडा नाही, दुर्गंधीचा युक्तिवाद नाही, आणि हाफकिन आजही दोषी. आणि खाली पडलेल्या चिमट्यावर सगळी कथा संपवणाऱ्यांनाही एक विचारायला हवे : घाईगर्दीत, धुळीच्या अंगणात शेकडो माणसांना टोचायला पाठवलेल्या माणसाला राखीव चिमटा दिला होता का? एका सामान्य सहायकाच्या हातावर १९ मृत्यूंचे ओझे टाकून मोकळे होणे हेही आयोगाच्या घाईसारखेच आहे. दगावलेल्या १९ जणांची नावे तर या कथेत कोणी सांगतच नाही.

१७/
‘ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट’ असे म्हणणाऱ्यांनी १९८६चे मुंबई आठवावे. जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या यंत्रणेची लक्तरे वेशीवर टांगली. याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि तिथला औषध कायदा बदलायला भाग पाडले होते. जवळजवळ ५० वर्षे जगाला ठाऊक असलेली गोष्ट मुंबईतल्या एका बाटलीपर्यंत पोहोचली नाही. बाटलीवर एक लिहिलेले होते, आत दुसरे होते, आणि मधल्या कोणीही उघडून पाहिले नाही.

१८/
आता कायदा. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा केंद्राच्या आधी केला, १९६९ साली. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७०चे. केंद्राचा कायदा १९७४चा. त्याचे कलम २१ वाचण्यासारखे आहे. सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर भोगवटादाराला सूचना द्यायची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, प्रत्येक भाग खुणेच्या भांड्यात घालून मोहोरबंद करायचा, दोघांनी सही करायची. यात कसूर झाली तर त्या नमुन्याचे पृथक्करण न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. लाखेच्या मोहोरेचे असे कौतुक पेशव्यांच्या दप्तरातही सापडायचे नाही.

मोहोर फुटल्यानंतर मात्र काय? ज्या द्रावणाने नमुना तपासला त्या द्रावणाविषयी या कलमात एक शब्द नाही. नदीच्या पाण्याची बाटली दोन सह्यांनी बांधली, आणि तिचा न्याय करणारी बाटली कोणाच्याही सहीविना फळीवर उभी. पत्राचे पाकीट जपून ठेवले आणि पत्र वाचणाऱ्याच्या चष्म्याचा नंबर विचारलाच नाही.

१९/
यावर योग्य आक्षेप असा, की मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना द्रावणांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. राष्ट्रीय मान्यता मंडळाचे तपासनीस येतात, वह्या पाहतात, चिठ्ठ्या पाहतात. हे खरे आहे, आणि त्या वह्या इमानाने लिहिणाऱ्यांचा या धाग्यात कुठेही उपमर्द नाही. उलट तक्रार त्यांच्याच बाजूने आहे. त्यांनी लिहिलेली नोंद अहवालावर सहसा येत नाही. गावाच्या हाती पडतो एक तक्ता : घटक, पद्धत, आकडा, मर्यादा. ज्याच्या सकाळच्या अर्ध्या तासाच्या कष्टावर तो आकडा उभा आहे त्याचे काम वहीतच राहते, आणि ज्याने ते कष्ट केले नाहीत त्याचा आळसही वहीतच राहतो. वाचणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात.

प्रत्येक आकड्यासमोर आणखी एक रकाना छापायला किती शाई लागते? द्रावण केल्याची तारीख, शेवटच्या प्रमाणनाची तारीख आणि त्या दिवशीची तीव्रता. इतिहासाच्या कोणत्याही बऱ्या पुस्तकात तळटीप यापेक्षा लांब असते.

२०/
राहिले ते ‘सगळे अहवाल विकतचे’ म्हणणारे. हे लोक स्वतःला बंडखोर समजतात. प्रत्यक्षात प्रदूषण करणाऱ्याला याहून सोयीचे काहीच नाही. सगळेच अहवाल खोटे ठरले की खरा अहवालही खोटा ठरतो, आणि ज्या दिवशी पांढरा साका धरेल त्या दिवशी तो दाखवून उपयोग उरणार नाही. राजवाड्यांनी बखरी चुकीच्या म्हणून इतिहास लिहिणे सोडले नव्हते. ते खेडोपाडी दप्तरे हुडकत हिंडले.

२१/
प्रदूषण मंडळाच्या प्रयोगशाळेचे दप्तर सार्वजनिक आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५, कलम २ (ञ) : यात अभिलेखांची पाहणी करणे, टिपणे घेणे, प्रमाणित नकला घेणे हे सारे येते. वरसे, धाटाव, रोहे, अष्टमी यांपैकी कुठल्याही गावातला तरुण कुंडलिकेच्या एखाद्या नमुन्याचा क्रमांक देऊन एवढेच मागू शकतो : या नमुन्याच्या तपासणीसाठी वापरलेल्या सोडियम थायोसल्फेट आणि फेरस अमोनियम सल्फेट द्रावणांच्या नोंदवहीतील त्या दिवसाच्या पानांची प्रमाणित नक्कल. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. कालावधी ३० दिवस.